नेमकं हवंय तरी काय?

"तुमची मुलगी पुण्यात आयटीत आहे ना? कुठल्या लँग्वेजमध्ये कोडिंग करते?" लग्नाच्या पंगतीत किंवा सोसायटीच्या जिन्यात हा प्रश्न हमखास येतो. आई सांगते, "ती कोडिंग नाही करत, बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे." त्यावरचा प्रश्नही ठरलेला असतो : "कोडिंग नाही करत? मग सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर करते तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. घर बांधताना गवंड्याचं काम दिसतं, सुताराचं दिसतं. पण स्वयंपाकघराचा ओटा किती उंच हवा, हे त्या ओट्याशी रोज उभ्या राहणाऱ्या माणसाला कुणीतरी विचारलेलं असावं लागतं. त्याची उंची पाहून आकडा नकाशावर उतरवलेला असावा लागतो. नकाशावरची रेघ खोडरबरानं पुसता येते. कडप्पा बसल्यावर मात्र छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो.

सॉफ्टवेअरमध्ये हे विचारण्याचं आणि उतरवण्याचं काम बिझनेस अ‍ॅनालिस्ट करतो. तो जे लिहितो त्याला रिक्वायरमेंट म्हणतात. सॉफ्टवेअरनं काय करायचं, किती चांगलं करायचं आणि कोणत्या मर्यादा पाळायच्या, याबद्दलचं, दोन्ही बाजूंना मान्य असलेलं आणि तपासून पाहता येईल असं विधान म्हणजे रिक्वायरमेंट. अमेरिकी संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ साली 'नो सिल्व्हर बुलेट' या निबंधात मांडलं होतं, की सॉफ्टवेअर बांधण्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे नेमकं काय बांधायचं हे ठरवणं. तेव्हापासून संगणक कितीतरी वेगवान झाले, पण ही अडचण तशीच आहे. कारण ती यंत्राची नाही, माणसांच्या एकमेकांना समजून घेण्याची आहे.

हे काम कसं चालतं ते पाहण्यासाठी आपण एक दूध संस्था डोळ्यांसमोर आणू. गावातली, दोनशे सभासदांची. सकाळ-संध्याकाळ दूध जमा होतं, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे दुधातले घन पदार्थ, मोजले जातात, दर दहा दिवसांनी बिल निघतं. संस्थेला नवं सॉफ्टवेअर करून घ्यायचं आहे आणि त्यासाठी एक अ‍ॅनालिस्ट गावात आली आहे.

१. मागणी एक, गरज दुसरी

पहिल्या बैठकीत चेअरमन म्हणतात, "मॅडम, आम्हाला मोबाईल अ‍ॅप पाहिजे."

"अ‍ॅपमध्ये काय काय दिसायला हवं, साहेब?"

"रोजचं दूध, फॅट, दर. सगळंच."

"आज पावतीवर ते मिळत नाही का?"

"मिळतं की. पण पावत्या कोण जपून ठेवतंय? मग बिलाच्या दिवशी भांडणं."

"भांडण कशावरून होतं?"

"'माझी फॅट त्या दिवशी एवढी कमी नव्हतीच,' म्हणतात. कपात कशाकशाची झाली तेही कळत नाही त्यांना."

सुरुवात अ‍ॅपपासून झाली आणि तीन प्रश्नांत गाडी भांडणावर आली. अ‍ॅप ही मागणी होती. आपल्या दुधाचा हिशेब सभासदाला स्वतः पडताळता यावा, ही गरज होती. अ‍ॅप हे या गरजेवरचं एक उत्तर झालं. वीस खेपांची नोंद आणि कपातीचा तपशील असलेलं मोठ्या अक्षरातलं बिल हे दुसरं, आणि प्रत्येक खेपेनंतर येणारा मराठी एसएमएस हे तिसरं. कोणतं उत्तर बरं, हे गरज कळल्यावरच ठरवता येतं.

टोयोटा कंपनीत उत्पादनपद्धतीची घडी बसवणारे ताइइची ओनो बिघाडाच्या मुळाशी जाण्यासाठी पाच वेळा 'का?' विचारायला सांगत. अ‍ॅनालिस्टही हेच करतो. मात्र एक पथ्य पाळावं लागतं. "तुम्हाला हे का पाहिजे?" असं थेट विचारलं तर समोरच्याला जाब विचारल्यासारखं वाटतं. "हे मिळालं तर तुमचं कोणतं काम सोपं होईल?" असं विचारलं की तोच माणूस मोकळेपणानं बोलू लागतो.

२. बैठकीच्या खोलीत सगळं कळत नाही

आजीला पुरणपोळीची कृती विचारा. ती डाळ शिजवण्यापासून पोळी लाटण्यापर्यंत सगळं सांगेल. पण शिजलेल्या डाळीतलं पाणी निथळून कट वेगळा काढायचा, हे सांगायचं कदाचित राहून जाईल. ती काही लपवत नसते. पन्नास वर्षं जे हात करत आले आहेत, ते सांगण्यासारखं आहे असं तिला वाटतच नाही. ते कळायला तिच्या शेजारी चुलीपाशी उभं राहावं लागतं.

म्हणून आपली अ‍ॅनालिस्ट सकाळी सहाला दूध संकलनाच्या जागी हजर होते. तासाभरात तिच्या वहीत अशा गोष्टी उतरतात, ज्या बैठकीत एकदाही निघाल्या नव्हत्या. माप घेणाऱ्याचे हात सतत ओले असतात, त्यामुळे टच स्क्रीन त्याच्या कामाचा नाही. तो कुणाचं नाव विचारत नाही, सभासद क्रमांकावर काम चालतं. एक बाई दोन किटल्या घेऊन येते, एक स्वतःची आणि एक शेजारणीची. एकाच सभासदाच्या घरी गाय आणि म्हैस दोन्ही आहेत, त्यांची मापं वेगळी. सहा वाजून वीस मिनिटांनी वीज जाते, तेव्हा सचिव शांतपणे वही काढून त्यात लिहू लागतात. आणि एक मावशी पावती डोळ्यांजवळ धरून म्हणतात, "यातलं एक अक्षर दिसत असंल तर शपथ."

यातली प्रत्येक नोंद पुढे एकेक रिक्वायरमेंट होणार आहे.

कुणाकुणाला भेटायचं याची यादीही आधीच करावी लागते. ज्याचा ज्याचा या कामाशी संबंध येतो, त्याला आयटीत स्टेकहोल्डर म्हणतात. इथे सभासद आहेत, माप घेणारा आणि फॅट काढणारा आहे, सचिव आहेत, संचालक मंडळ आहे. शिवाय जिथे दूध जातं तो संघ, बिलाचे पैसे जमा करणारी बँक आणि वर्षाअखेर दप्तर तपासणारा लेखापरीक्षक. सॉफ्टवेअरचे पैसे चेअरमन मंजूर करतात, पण ते रोज वापरतो सचिव आणि त्याचा परिणाम भोगतो सभासद. पैसे देणाऱ्यालाच विचारून काम उरकलं, तर वापरणाऱ्याचा ओटा चुकीच्या उंचीचा होतो.

३. तपासता येईल असं वाक्य

आता लिहिण्याची वेळ. पहिला मोह असं वाक्य लिहिण्याचा होतो : "सिस्टीम वेगवान आणि वापरायला सोपी असावी." याला कुणीही नकार देणार नाही, आणि हाच त्याचा दोष आहे. वेगवान म्हणजे किती? सोपी कुणाला?

पुन्हा पुरणाकडे वळू. पुरण चांगलं आटवावं, एवढंच सांगितलं तर नवख्याला काय कळणार? पण उलथनं मधोमध उभं राहिलं की पुरण झालं, असं सांगितलं की सासू आणि सून दोघींना एकाच क्षणी एकच उत्तर मिळतं. चांगल्या रिक्वायरमेंटमध्ये असं उलथनं असतं. "फॅटचा आकडा यंत्रातून आल्यापासून ३ सेकंदांच्या आत पावती छापायला सुरुवात झाली पाहिजे" हे वाक्य घड्याळ लावून तपासता येतं.

लवकर, सोपं, आकर्षक, योग्य तो, गरजेनुसार, शक्यतो, वगैरे. लिहिताना हे शब्द आले की थांबावं. यातल्या प्रत्येक शब्दामागे एक न विचारलेला प्रश्न दडलेला असतो.

कधी कधी वाक्य अगदी नेमकं दिसतं आणि तरीही अपुरं असतं. "फॅट एका दशांश स्थळापर्यंत नोंदवावी" हे वाक्य घ्या. यंत्रानं ३.८५ दाखवलं तर नोंद ३.८ होणार की ३.९? हिशेब करून पाहू. फॅटच्या एका पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, लिटरमागे ३० पैसे फरक पडतो असं धरू. सभासद एका खेपेला १० लिटर दूध घालतो, तर त्या खेपेत ३ रुपयांचा फरक पडला. दहा दिवसांत २० खेपा होतात. त्यातल्या निम्म्या खेपांना असं झालं तर ३० रुपये. दोनशे सभासदांचे मिळून ६,००० रुपये, आणि महिन्याला तीन बिलं म्हणजे १८,००० रुपये.

हे अठरा हजार कुणाच्या खिशात जावेत, हे पुण्यात बसलेल्या प्रोग्रॅमरनं ठरवायचं का? वाक्य अपुरं राहिलं तर तोच ठरवतो. त्याला त्याची कल्पनाही नसते. त्याला कामापुरता एक नियम हवा असतो आणि जो पहिला सुचतो तो तो लिहून टाकतो. अ‍ॅनालिस्टनंही हा निर्णय घ्यायचा नसतो. तिनं हा प्रश्न योग्य माणसांपुढे ठेवायचा, आणि मिळालेलं उत्तर उदाहरणासकट लिहायचं : "दुसरं दशांश स्थळ ५ किंवा त्याहून जास्त असेल तर पहिलं स्थळ १ ने वाढवावं, नाहीतर दुसरं स्थळ सोडून द्यावं. ३.८५ ची नोंद ३.९ होईल, ३.८४ ची ३.८."

शब्दांचे अर्थही असेच ठरवून लिहावे लागतात. "दर दहा दिवसांनी बिल" हे गावात सगळ्यांना कळतं. पण महिना ३१ दिवसांचा असेल तर तिसरं बिल अकरा दिवसांचं होतं, आणि फेब्रुवारीत ते आठ किंवा नऊ दिवसांचं. गावात हे कुणी बोलूनही दाखवणार नाही. ज्यानं दुधाची किटली कधी उचलली नाही, तो प्रोग्रॅमर सरळ दहा दिवस मोजत जाईल आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत बिलांच्या तारखा सगळ्या सरकलेल्या असतील. म्हणून प्रत्येक रिक्वायरमेंटच्या कागदाला सुरुवातीला एक छोटा शब्दकोश असावा : खेप म्हणजे काय, बिल म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सभासद कुणाला म्हणायचं.

आणखी दोन सवयी फार उपयोगी पडतात. एका वाक्यात एकच गोष्ट लिहावी, म्हणजे अर्धं झालं आणि अर्धं राहिलं असा घोळ होत नाही. आणि काय हवं ते लिहावं, ते कसं करायचं हे बांधणाऱ्यावर सोपवावं. "हिरवं बटण उजव्या कोपऱ्यात द्या" यापेक्षा "चुकीची नोंद पावती छापण्याआधी रद्द करता यावी" हे वाक्य जास्त उपयोगाचं असतं.

४. छप्पर गळू नये, हे कोण सांगतं?

घर बांधताना तीन खोल्या हव्यात हे आपण सांगतो. छप्पर गळू नये हे कुणी सांगत नाही, पण गळलं तर खोल्यांचं कौतुकही कुणी करत नाही.

सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटचे असेच दोन प्रकार पडतात. बिल काढणं, पावती छापणं, कपात करणं ही कामं झाली. यांना फंक्शनल रिक्वायरमेंट म्हणतात. ती कामं किती वेगानं, किती सुरक्षितपणे आणि कोणत्या परिस्थितीत व्हावीत, हे दुसऱ्या प्रकारात येतं. त्यांना नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट म्हणतात. लोक पहिल्या प्रकारच्या गोष्टी आपणहून सांगतात, दुसऱ्या प्रकारच्या विचारून घ्याव्या लागतात.

आपल्या संस्थेत विचारायचे प्रश्न असे : वीज गेली तर आधीच्या नोंदी शाबूत राहतील का? इंटरनेट नसताना संकलन चालू राहील का? एकदा नोंदवलेली फॅट बदलण्याचा अधिकार कुणाला, आणि बदलली तर कुणी, कधी आणि का बदलली याची खूण राहील का? पावतीवरचं अक्षर किती मोठं हवं? गेल्या किती वर्षांचा हिशेब लेखापरीक्षकाला काढून दाखवता आला पाहिजे? यातला फॅट बदलण्याच्या अधिकाराचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. ज्या भांडणापासून ही सगळी गोष्ट सुरू झाली, त्याचं उत्तर तिथे आहे.

५. छोटी गोष्ट आणि तिची कसोटी

पूर्वी सगळ्या रिक्वायरमेंट एकाच जाडजूड दस्तऐवजात लिहीत. असा दस्तऐवज कसा असावा याची १९८४ साली आलेली आयट्रिपलई ८३० ही मार्गदर्शिका अनेक वर्षं प्रमाण मानली गेली. बँका, रुग्णालयं, विमानं अशा क्षेत्रांत सविस्तर दस्तऐवज आजही लागतो. पण अडचण ही, की शेकडो पानं वाचून सही करणाऱ्याला त्यातलं किती कळलं, हे कळायला मार्ग नसतो.

१९९० च्या दशकात केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही कार्यपद्धती मांडली. तिच्यातून एका कार्डावर मावणारी युजर स्टोरी पुढे आली. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी एकत्र येऊन अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला, त्यानंतर ही रीत जगभर रुळली. आज पुण्यात हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या अनेक टीम अशा स्टोरीवरच काम करतात. आपल्या संस्थेची एक स्टोरी अशी असेल :

"सभासद म्हणून मला बिलावर प्रत्येक कपात वेगळी दिसावी, म्हणजे हातात आलेली रक्कम मला स्वतःला पडताळता येईल."

कुणाला, काय आणि कशासाठी, या तिन्हींचं उत्तर एका वाक्यात आलं. पण हे वाक्य म्हणजे सगळी रिक्वायरमेंट नाही. बेक यांचे सहकारी रॉन जेफरीज यांनी युजर स्टोरीचे तीन भाग सांगितले आहेत : कार्ड, संवाद आणि खातरजमा. कार्ड हे फक्त बोलायची आठवण करून देतं. खरं काम बोलण्यातून होतं, आणि बोलून जे ठरलं ते उदाहरणांच्या रूपात कार्डामागे लिहिलं जातं. त्या उदाहरणांना अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे काम स्वीकारण्याच्या कसोट्या म्हणतात.

अ‍ॅनालिस्ट सचिवांसमोर पहिलं उदाहरण मांडते. "काका, दुधाचे ४,२०० रुपये झाले. पशुखाद्याचे १,५०० आणि उचलीचे १,००० कापले. हातात १,७०० आले. बरोबर?"

"बरोबर."

"आता दूध कमी झालं. ९०० रुपयेच झाले आणि कपात १,२०० ची आहे. मग?"

सचिव क्षणभर थांबतात. "तसं नाही ताई. म्हैस आटली म्हणून कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाही आम्ही. निम्मं तरी हातात देतो. राहिलेली कपात पुढच्या बिलात."

म्हणजे ४५० रुपये कापायचे, ४५० हातात द्यायचे आणि उरलेली ७५० रुपयांची कपात पुढे न्यायची. हा नियम कुठल्याही दप्तरात लिहिलेला नव्हता. तो गावाच्या माणुसकीत होता. तो नजरेतून सुटला असता तर संगणकानं त्या सभासदाला शून्य रुपयांचं बिल दिलं असतं, वर ३०० रुपये येणे दाखवलं असतं. सरळ उदाहरणानं होकार मिळतो. अशा अडचणीच्या उदाहरणानं नियम कळतो. म्हणून प्रत्येक स्टोरीला विचारावं : आकडा शून्य असेल तर? उणे गेला तर? तीच नोंद दोनदा झाली तर?

६. सगळंच पहिल्या दिवशी नको

पाच-सहा बैठकांनंतर यादी शंभराच्या वर जाते. सगळ्याच गोष्टी प्रत्येकाला महत्त्वाच्या वाटतात. पण वारीला निघालेला माणूस खांद्यावर पेलेल एवढंच सामान पिशवीत भरतो. बाकीचं हवं असतं, तरी ते घरी ठेवूनच निघतो.

सॉफ्टवेअरतज्ज्ञ डाय क्लेग यांनी १९९४ साली सुचवलेली मॉस्को पद्धत इथे कामाला येते. या नावाचा रशियाच्या राजधानीशी संबंध नाही, ते चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून घडवलेलं आहे. यादीचे चार ढीग करायचे : हवंच, हवं, जमलं तर हवं आणि या वेळी नको. बिनचूक माप आणि बिल हे 'हवंच' मध्ये जातं, कारण त्यावाचून संस्था एक दिवस चालणार नाही. एसएमएस 'हवं' मध्ये. संचालकांसाठी रंगीत आलेख 'जमलं तर' मध्ये. आणि अ‍ॅप, चेअरमनांच्या संमतीनं, 'या वेळी नको' मध्ये.

चौथा ढीग लिहून ठेवणं अनेकांना अनावश्यक वाटतं. प्रत्यक्षात शेवटच्या आठवड्यातली सगळ्यात कटू भांडणं तोच टाळतो. जे करणार नाही ते आधीच लेखी ठरलेलं असलं, की 'मला वाटलं हे धरलेलंच असेल' या वाक्याला जागा उरत नाही.

७. रिक्वायरमेंटचा सातबारा

काम अर्ध्यावर आल्यावर चेअरमनांचा फोन येतो. "मॅडम, दिवाळीचा दरफरकही त्यात टाकून द्या की. एक आकडाच तर काढायचा."

बदल मागणं हा गुन्हा नाही. संघ दरपत्रक बदलतो, सरकार नियम बदलतं, आणि सॉफ्टवेअर पडद्यावर दिसू लागलं की लोकांना स्वतःची गरज अधिक स्पष्ट कळते. पण बदल तोंडी आला आणि तोंडीच स्वीकारला, तर सगळी घडी विस्कटते. दरफरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर दिवाळीला मिळणारी जादा रक्कम, हा एक आकडा नाही. त्यासाठी प्रत्येकानं वर्षभरात किती लिटर दूध घातलं ते हवं. वर्षाच्या मध्ये दूध घालणं बंद केलेल्यांचं काय? मृत सभासदाचा दरफरक कुणाला? त्यातून जुनी उचल कापायची का? म्हणून उत्तर देण्याआधी अ‍ॅनालिस्ट चार गोष्टी लिहून काढते : बदल कुणी आणि कशासाठी मागितला, आधीच्या कोणकोणत्या रिक्वायरमेंटना त्याचा धक्का लागतो, वेळ आणि पैसा किती वाढतो, आणि मंजुरी कुणाची लागेल. मग निर्णय चेअरमनांनी घ्यायचा, पण पूर्ण चित्र समोर ठेवून.

हे दप्तर कसं ठेवायचं, याचा उत्तम नमुना आपल्याकडे आहे. सातबारा उताऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते, आणि तिच्यात झालेल्या प्रत्येक बदलाला फेरफार क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा माग काढत गेलं, की हक्क कुणाकडून कुणाकडे, कधी आणि कशाच्या आधारे आला ते कळतं. रिक्वायरमेंटचंही तसंच हवं. प्रत्येकीला कायमचा क्रमांक, ती कुणी मांडली, कशासाठी, आज तिची स्थिती काय, आणि बदलली असेल तर कोणत्या तारखेला आणि कुणाच्या मंजुरीनं. जुनं वाक्य खोडलं तरी नाहीसं करायचं नाही.

याच दप्तरात आणखी एक धागा विणलेला असतो. त्याला ट्रेसेबिलिटी म्हणतात, म्हणजे माग काढता येणं. गरज कोणती, तिच्यापासून कोणती रिक्वायरमेंट निघाली, ती प्रोग्रॅमच्या कोणत्या भागात उतरली आणि कोणत्या चाचणीनं तपासली. धागा दोन्ही दिशांनी ओढता आला पाहिजे. एखाद्या रिक्वायरमेंटला चाचणीच नसेल तर ती नुसतं आश्वासन राहते. आणि प्रोग्रॅममधल्या एखाद्या भागामागे रिक्वायरमेंटच सापडत नसेल, तर तो तिथे का आहे हे विचारायला हवं.

८. धागा तुटला तेव्हा

प्रोग्रॅमचा एखादा भाग तिथे का आहे, हा प्रश्न विचारायचा राहून गेला तर काय होतं, हे ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथे जगानं पाहिलं. युरोपचं नवं एरियन-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं आणि त्याच्यासोबत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही गेले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्रॅम आधीच्या एरियन-४ मधून उचललेला होता. त्यातला एक भाग उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू राहत असे. एरियन-४ च्या एका जुन्या गरजेसाठी तसं ठेवलेलं होतं. एरियन-५ ला उड्डाणानंतर त्याचा काहीच उपयोग नव्हता. नवं रॉकेट आडव्या दिशेनं फार लवकर वेग घेत होतं. तो आकडा १६ बिटांच्या जागेत, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६७ मावतील एवढ्या जागेत, बसला नाही. मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रणा त्याच कारणानं बंद पडल्या. फ्रेंच गणितज्ञ जाक-लुई लियाँस यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाला असं आढळलं, की एरियन-५ च्या उड्डाणमार्गाची माहिती त्या यंत्रणेच्या रिक्वायरमेंटमध्ये घेतलेलीच नव्हती. प्रोग्रॅम जुन्या रॉकेटच्या गरजेबरहुकूम चालला. ती गरज आता उरली आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी घटना याच्या उलट आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघालं आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताच हरवलं. यानाला दिलेल्या छोट्या धक्क्यांचा हिशेब जमिनीवरचा एक प्रोग्रॅम करत असे. तो आकडा न्यूटन-सेकंदांत द्यावा, असं लेखी ठरलेलं होतं. प्रोग्रॅम मात्र तो पाउंड-सेकंदांत देत राहिला. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायला हवं होतं, ते नंतरच्या गणिताप्रमाणे सुमारे ५७ किलोमीटर इतकं खाली गेलं. इथे रिक्वायरमेंट होती, नेमकी होती, आकड्यांत तपासता येणारी होती. पण प्रोग्रॅम तिच्याप्रमाणे वागतो का, हे कुणी शेवटपर्यंत तपासलं नाही. उलथनं हाताशी होतं, ते पुरणात कुणी उभं करून पाहिलं नाही.

एका घटनेत लिहायचंच राहिलं, दुसरीत लिहिलेलं पाळलं गेलं की नाही हे पाहायचं राहिलं. रिक्वायरमेंट लिहिणं आणि ती सांभाळणं या दोन्ही गोष्टी मिळून एकच काम होतं.

९. हे तुमच्याही कामाचं आहे

तुम्ही आयटीत नसाल, तरी कधी ना कधी सॉफ्टवेअर करून घेण्याच्या जागी तुम्ही बसणार आहात. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब असेल, शाळेची फी असेल, पतसंस्थेची पासबुकं असतील. बनवणाऱ्यासमोर बसण्याआधी एक साधी वही घ्या. जे जे हवं ते एकेका वाक्यात लिहा, प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या आणि त्याच्यापुढे दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. हे कशासाठी हवंय? आणि ते नीट झालं, हे मी कसं ओळखणार?

पहिल्याचं उत्तर सापडलं नाही तर ते वाक्य यादीतून काढा. दुसऱ्याचं सापडलं नाही तर आकडा किंवा उदाहरण मिळेपर्यंत त्यावर बोलत राहा. मग यादी, जो ते सॉफ्टवेअर रोज वापरणार आहे त्या माणसाला वाचून दाखवा. तो जिथे थांबून "तसं नाही, आमच्याकडे असं असतं" म्हणेल, ते वाक्य सर्वांत आधी लिहून घ्या.